साबणाच्या वड्या आणि वर झालेले हात

मलावीतल्या एका तुरुंगात आमच्या मंडळीतले आम्ही आठ जण गेलो, तेव्हा तुरुंगातल्यांना भेटायला सांगणारा मत्तयाचा २५ वा अध्याय आम्हाला तोंडपाठ होता आणि तुरुंगाबद्दल काडीचीही माहिती नव्हती. अंगणात दाटीवाटीने बसलेली माणसं. जेवण दिवसातून एकदाच, मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि उकडलेली तूर. मलावीतल्या तुरुंगांमधल्या अशा गर्दीवरून २००९ मध्येच तिथल्या न्यायालयाने सरकारला खडसावलं होतं, हे मला परतल्यावर कळलं.

मी उपदेश केला. ज्यांना प्रभूला स्वीकारायचं आहे त्यांनी हात वर करा, म्हटलं. झाडून सगळ्यांचे हात वर! माझा ऊर भरून आला. मग शेजारीच रचलेली खोकी उघडून साबण वाटायला घेतला. रांग निम्मी होते न होते तोच साबण संपला. ढकलाढकली झाली, पहारेकऱ्यांनी काठ्या उगारल्या.

तिथल्या पाळकबाई दर आठवड्याला आत जातात. संध्याकाळी त्यांनी दोनच प्रश्न विचारले. खोकी गाडीतच ठेवली असती, तर किती हात वर झाले असते? आणि त्या वड्या आता कोणाकडे असतील? दुसऱ्याचं उत्तर त्यांनीच दिलं : न्यापालाकडे. म्हणजे कोठडीवर मुकादमी करणारा कैदी. तिथे साबणावर उधार-उसनवारी चालते.

मी अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. १९०० च्या दुष्काळात मिशनच्या मदतीवर आमचं घर तगलं, आणि ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आजीने जन्मभर ऐकला. टोमणा मारणाऱ्यांवर मी किती चिडायचो. आणि इथे उपाशी माणसांपुढे खोकी रचून मीच हात मोजत होतो.

तुम्हीही अशा तुरुंगात जाणार असाल तर मदत आणि उपासना एका दिवशी ठेवू नका. वस्तू आधी पोचू द्या, तिथल्याच मंडळीच्या हातून. निम्म्यांना ब्लँकेट देण्यापेक्षा सगळ्यांना साबण बरा. खरजेचं औषध एकट्यादुकट्याला देऊन उपयोग नाही. अख्ख्या कोठडीला एकाच वेळी लागतं, तेही तुरुंगाच्या दवाखान्यामार्फत. फोटो नकोतच. आणि ‘तुझ्या केसचं बघतो’ हे चुकूनही बोलू नका. मी बोलून बसलो, आणि एक पोरगा वर्षभर माझी वाट पाहत राहिला. कच्च्या कैद्यांसाठी तिथे २००० सालापासून पॅरालीगल कार्यकर्ते काम करतात. त्याचं नाव त्यांच्याकडे देणं एवढंच माझ्या हातात होतं, आणि तेही मी उशिरा केलं. आमच्या आठ तिकिटांचे पैसे त्यांनाच दिले असते तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

पुढच्या वर्षी दोघेच गेलो, रिकाम्या हातांनी. साबण पंधरा दिवस आधीच पोचला होता. प्रार्थनेला वीस-बावीस जण आले. नंतर एका म्हाताऱ्याने विचारलं, तुमच्याकडे नांदोलो खातात का? नांदोलो म्हणजे तूर. रोज, मी म्हटलं. तो हसला, आणि मग बराच वेळ आम्ही वरणाबद्दलच बोलत बसलो.