नांगराची निशाणी

जर्मनीत लहान खेड्यांनाही स्वतःचे मानचिन्ह असते. ढालीच्या आकृतीत कोठे नांगराचा फाळ, कोठे धान्याची ओंबी, तर कोठे गिरणीचे चाक रेखाटलेले असते. त्यावरून त्या गावाचे लोक पूर्वी कशावर जगत, हे कळते. मुळशीच्या खोऱ्यात किंवा महाराष्ट्रात इतरत्र गावांना अशा ढाली नव्हत्या. परंतु निशाण्या मात्र होत्या. त्या कागदावर उमटत.

शिवकाळात व पेशवाईत वतनाचा किंवा शिवेचा तंटा उपस्थित झाला, की गोतसभा भरे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व शेजारच्या गावचे जाणते लोक एकत्र बसून निवाडा करीत. त्या निवाड्याच्या कागदास महजर म्हणत. पुष्कळ साक्षीदारांना लिहिता येत नसे. म्हणून प्रत्येकाच्या नावापाशी त्याच्या धंद्यातील साधनाचे चित्र येई. पाटलाचा नांगर, सुताराचे किकरे, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी, शेट्याचा तराजू! जो ज्या साधनावर पोट भरी, त्याच साधनाला तो आपल्या सत्याची साक्ष ठेवी.

यांत नांगराचा मान मोठा. पाटीलकीचे दोन वाटेकरी असले, तर कोणाचा नांगर वर व कोणाचा खाली, हेही करारात लिहून ठेवीत. मात्र मानाबरोबर भारही येई. गावाचा सारा थकला, तर सरकार प्रथम पाटलालाच जाब विचारी.

या निशाणीचा खरा अर्थ मुळशीच्या शेतकऱ्यांच्या लढ्यात दिसून आला. वीजनिर्मितीसाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधावयास घेतले. खोऱ्यातील अनेक गावांच्या जमिनी त्याखाली जाणार होत्या. तेव्हा 1921 साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. याच लढ्यामुळे ते ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. अनेकांनी तुरुंगवास सोसला. तथापि धरण पुरे झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेली शेते पाण्याखाली गेली.

नांगराचे चित्र चार रेघांत काढता येते. परंतु नांगराला जमीन नसेल, तर त्या चित्रास अर्थ उरत नाही. मुळशीचे शेतकरी झगडले, ते त्या अर्थासाठी.