हेर, जासूद आणि डिटेक्टिव्ह

आपल्या हॉस्टेलवर कोणी "काल रात्री कुठे होतास रे?" असं विचारलं की लगेच उत्तर येतं, "तू काय सीआयडी आहेस का?" सीआयडी हा खरं तर पोलिसांचा विभाग. पण १९९८ साली टीव्हीवर सुरू झालेल्या मालिकेने तो शब्द घराघरात नेला आणि नसत्या चौकशा करणारा प्रत्येक जण 'सीआयडी' झाला. मात्र फी घेऊन लोकांसाठी तपास करणारा माणूस पोलीस नसतो. मग त्याला मराठीत म्हणायचं काय?

आधी इंग्रजीकडे बघू. 'डिटेक्टिव्ह'चं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ झाकण काढणे, उघडं करणे असा. लंडनच्या पोलिसांनी १८४२ मध्ये गुन्ह्यांच्या तपासासाठी वेगळी तुकडी काढली आणि त्या सुमारास हा शब्द रूढ होऊ लागला. पुढे तेच काम खासगीत करणारा तो 'प्रायव्हेट डिटेक्टिव्ह'. १८८७ मध्ये अवतरलेला शेरलॉक होम्स स्वतःला 'कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह' म्हणवतो, म्हणजे सल्ला देणारा. 'स्लूथ' हा शब्द वासावरून माग काढणाऱ्या कुत्र्याच्या नावावरून आला. अमेरिकेतल्या पिंकर्टन एजन्सीचं चिन्ह होतं उघडा डोळा. 'प्रायव्हेट आय' या शब्दाचा संबंध बरेच जण त्या डोळ्याशी जोडतात.

आता आपली मराठी. आपला शब्द 'गुप्तहेर', आणि तो पोलिस चौकीतून नव्हे, राजदरबारातून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'गूढपुरुष' आहेत. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. हिंदीतला 'जासूस' मूळचा अरबी. तोच मराठी कागदपत्रांत 'जासूद' झाला आणि हेरगिरीबरोबर पत्रं पोचवण्याचंही काम करू लागला. यातला प्रत्येक जण राज्याचा नोकर. म्हणूनच वर्तमानपत्राला आज 'गुप्तहेर'च्या आधी 'खासगी' लावावं लागतं. नाहीतर वाचकाला वाटायचं, हा सीमेपलीकडून आला की काय!

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या धनंजयला वाचकांनी सरळ 'डिटेक्टिव्ह' म्हणूनच स्वीकारलं. बंगालीतला 'गोयेंदा' हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ 'सांगणारा', म्हणजे आपल्या भाषेत खबऱ्या. शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या ब्योमकेश बक्षीला 'डिटेक्टिव्ह' आणि 'गोयेंदा' हे दोन्ही शब्द आवडत नाहीत. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवतो. नुसता नखरा नाही हा. आपण नेमकं काय शोधतो, ते त्याने नावातच सांगून टाकलं आहे.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. डिटेक्टिव्ह घडून गेलेली गोष्ट उघड करतो. हेर माणसावर नजर ठेवतो, मग त्याने काही केलेलं असो वा नसो. ही दोन वेगळी कामं आपण 'गुप्तहेर' या एकाच शब्दात कोंबली आहेत. पण मराठी क्रियापदं मात्र फरक चोख पाळतात. चोरीचा 'छडा लावतात'. हरवलेल्याचा 'माग काढतात'. स्थळाची 'चौकशी करतात', तीही चार ओळखीच्या लोकांना विचारून. आणि माणसावर 'पाळत ठेवतात'.

आता एखाद्या एजन्सीची जाहिरात वाचा. 'विवाहपूर्व चौकशी' असं लिहिलेलं असतं. शब्द अगदी घरगुती, मावशी-आत्यांच्या तोंडचा. पण त्याच नावाखाली मुलीच्या ऑफिसबाहेर चार दिवस माणूस उभा राहणार असेल, तर ती चौकशी नव्हे, ती पाळत. अशा एजन्सींना परवाना सक्तीचा करणारं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. मग कोणाला, कशासाठी आणि किती विचारायचं, याचं भान निदान आपण तरी ठेवायला हवं.

आपण इंजिनिअरिंगवाले. मशीनवरची नेमप्लेट कितीही चकचकीत असो, मशीन करतं काय ते आपण आधी बघतो. हीच सवय शब्दांनाही लावा. नामावर जाऊ नका, क्रियापद विचारा. मेसमधून कोणाचा मोबाईल गेला, तर सगळ्यांनी मिळून जरूर छडा लावा. पण रूम-पार्टनर आंघोळीला गेल्यावर त्याचे मेसेज वाचणारा स्वतःला शेरलॉक म्हणवत असेल, तर त्याला स्पष्ट सांगा, "बाबा रे, शेरलॉककडे लोक आपणहून यायचे. तुला कोणी बोलावलं होतं?"