किल्लीच्या घड्याळाचे कानमंत्र

बाळ, घरातलं एचएमटी 'जनता' आता तुझ्या मनगटावर आलंय. किल्लीचं घड्याळ वापरणारे कमी झाले, तसे ते कसं सांभाळायचं हे सांगणारेही कमी झाले. घड्याळजींच्या शेजारी बसून, विचारून विचारून मला जे कळलं ते तुझ्यासाठी लिहून ठेवतो. प्रत्येक नियमाबरोबर त्याचं कारणही देतो. कारण समजलं की नियम पाठ करावा लागत नाही.

किल्ली रोज ठरलेल्या वेळी दे. सकाळची वेळ उत्तम. आतली मेन स्प्रिंग पूर्ण गुंडाळलेली असते तेव्हा तिचा जोर जास्त असतो आणि उलगडत जाईल तसा तो कमी होतो. जुन्या काळी खिशातल्या घड्याळांत हा फरक भरून काढायला शंकूसारखी फिरकी आणि बारीक साखळी असायची. तुझ्या घड्याळात ती नाही, म्हणून तिथे रोजची शिस्तच कामाला येते. किल्ली देताना घड्याळ हातातून काढ. मनगटावर असताना बोटं तिरकी पडतात आणि किल्लीचा दांडा झिजतो. अडल्यासारखं लागलं की थांब. 'जास्त किल्ली दिली म्हणून बंद पडलं' असं लोक म्हणतात, पण किल्ली भरलेली असूनही घड्याळ चालत नसेल तर बहुतेक वेळा आतलं तेल वाळलेलं असतं.

वेळेचा हिशेब मोबाइलसारखा मागू नको. 1675 साली क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने घड्याळातल्या बॅलन्स व्हीलला बारीक हेअरस्प्रिंग जोडली, तेव्हा कुठे खिशातलं घड्याळ भरवशाचं झालं आणि मिनिटकाट्याला अर्थ आला. तुझ्या 'जनता'मध्ये तीच रचना आहे. ते सेकंदाला 5 ठोके देतं, म्हणजे दिवसाला 4,32,000. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक मात्र सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. जपानच्या सायको कंपनीने 25 डिसेंबर 1969 रोजी पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं आणि अचूकतेची शर्यत तिथेच संपली. तेव्हा जनता दिवसाला अर्धं मिनिट पुढेमागे झालं तरी ते ठणठणीत आहे असं समज. रोज सारखाच फरक पडत असेल तर घड्याळजी तो दोन मिनिटांत काढून देतील. फरक रोज वेगवेगळा पडायला लागला, तर मात्र सर्व्हिसिंगची वेळ झाली.

घड्याळ एकाएकी पुढे पळू लागलं तर आधी लोहचुंबकाचा संशय घे. हा मंत्र तुला सगळ्यात जास्त लागेल, कारण तुझं काम उद्यमनगरातल्या कारखान्यात आहे. ग्राइंडिंग मशीनच्या मॅग्नेटिक चकजवळ हात गेला की हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व उतरू शकतं. तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ तासाला काही मिनिटंसुद्धा पुढे जाऊ शकतं. मोबाइलचं चुंबकाचं कव्हर आणि स्पीकरही तसेच. होकायंत्र घड्याळाजवळ धर. सुई ठोक्यांच्या तालात थरथरली तर चुंबकत्व आहे. घड्याळजींकडे ते काढायचं यंत्र असतं, काम क्षणात होतं. त्यासाठी घड्याळ खोलायचीही गरज नसते. कारखान्यात मशीनवर जाताना घड्याळ डब्याबरोबर पिशवीत ठेव.

धक्का आणि पाणी यांपासून जप. घड्याळ खिशात होतं तोवर ते कपड्याच्या आड सुरक्षित होतं. मनगटी घड्याळ आधी बायकांचा दागिना मानलं जाई. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी ते बांधलं आणि मग पुरुषांतही रुळलं. मुंबई-कलकत्त्यात व्यवसाय असलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं त्या काळी पलटणीत फार चालत. मनगटावर आल्यावर घड्याळाला घाम, पाऊस, आपटणं हे सगळं सोसावं लागलं. मग 1926 मध्ये रोलेक्सने 'ऑयस्टर' ही पाणी आत न येणारी केस आणली, आणि 1930 च्या दशकात बॅलन्स व्हीलच्या टोकांना धक्का झेलणारी स्प्रिंग बसू लागली. तुझ्या डायलवर 'पॅराशॉक' लिहिलंय ते त्याच वंशातलं. पण त्यावर विसंबून लाकडं फोडू नको, की हातोडा चालवू नको. बॅलन्स व्हीलची टोकं केसाएवढी बारीक असतात.

पाण्याच्या बाबतीत तर 'जनता'वर अजिबात भरवसा ठेवू नको. गारगोटी रोडने पावसात गाडीवर येणार असशील तर घड्याळ आधीच काढ आणि कोरड्या रुमालात गुंडाळून ठेव. काचेच्या आत वाफ धरलेली दिसली तर उन्हात किंवा तांदळात ठेवून वाट बघत बसू नको. त्याच दिवशी घड्याळजींकडे ने. पोलादी भागांना गंज चढायला फार वेळ लागत नाही. रात्री केसची मागची बाजू आणि पट्टा सुती फडक्याने पुसून ठेवायची सवय लाव.

चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग कर, चालू असलं तरी कर. या घड्याळात 17 ज्वेल्स आहेत, म्हणजे कारखान्यात बनवलेली माणकं. माणकाला भोक पाडून त्यात चाकाचा आस बसवायची युक्ती 1704 पासूनची आहे. माणिक झिजत नाही, पण तेल वाळलं की पोलादी आस झिजतो. घरात शिवणयंत्राचं तेल किंवा खोबरेल कधीही सोडू नको. ते पसरतं आणि हेअरस्प्रिंग चिकटवून टाकतं.

पुढे कधी तारखेचं घड्याळ घेतलंस, तर रात्री 9 ते पहाटे 3 या वेळात तारीख हाताने बदलू नको. तेव्हा आतली चाकं तारखेच्या चकतीत गुंतलेली असतात, दाते मोडतात. सेलचं घड्याळ बंद पडलं, तर मेलेला सेल आत ठेवू नको. तो गळतो आणि सर्किट खातो.

जुनं घड्याळ विकत घेताना डायल आधी बघ. एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला आणि जुन्या घड्याळांचे भाव चढले. तेव्हापासून रंगवलेल्या डायलची, इकडचे काटे नि तिकडची केस जोडलेली घड्याळं बाजारात खूप दिसतात. भडक रंग, जाड अक्षरं, मध्यावर न बसलेले आकडे दिसले की परत ठेव. खूप जुन्या घड्याळात अंधारात चमकणाऱ्या काट्यांना रेडियम लावलेलं असायचं. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. तसलं घड्याळ घरी उघडू नको, काटे खरवडू तर मुळीच नको.

शेवटचा मंत्र. 'जनता'चे नवे सुटे भाग आता कारखान्यातून येत नाहीत. घड्याळजी बंद पडलेल्या घड्याळांतूनच चाकं आणि स्प्रिंगा काढतात. म्हणून कुणाच्या घरात मोडकं एचएमटी दिसलं तर ते भंगारात जाऊ देऊ नको, घड्याळजींना नेऊन दे. सर्व्हिसिंगची तारीख वहीत लिही, आणि हे सगळं घड्याळाबरोबर पुढच्याला दे.