जुन्या बोटीला जास्त एचपी: पैसे कुठे घालावेत, कुठे मुळीच नाही

अठरा-वीस फुटी, 1990च्या आसपासची बोट अमेरिकेत पाच-सात हजार डॉलरमध्ये मिळते. पहिला उन्हाळा मजेत जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात सहा माणसं बसवून ट्यूब ओढायला घेतली की बोट नाक वर काढून रेंगाळते, आणि घरात इंजिनाचा विषय निघतो. इकडच्या ज्या मराठी वाचकांनी अशी बोट घेतली आहे किंवा घ्यायचं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी हा हिशोब. आकडे अंदाजाचे आहेत. गाव आणि वर्कशॉप बदललं की दर बदलतात.

या वयाच्या बोटींत हमखास सापडणारं मर्क्रुझरचं 5.7 लिटर व्ही-8 इंजिन समोर ठेवू. मुळात ते शेव्हरोलेचं 350 घनइंची इंजिन. पिकअप ट्रकमध्येही तेच बसायचं, म्हणून सुटे भाग मुबलक आहेत.

आधी अपेक्षा ताळ्यावर आणू. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग साधारणपणे एचपीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 200 एचपीवर ताशी 45 मैल जाणारी बोट 260 एचपीवर 51च्या आसपास पोचेल. साठ एचपी वाढवून सहा मैल. ओढण्याची ताकद वाढलेली नक्की जाणवते, पण नुसत्या वेगासाठी हा व्यवहार महागच पडतो.

म्हणून पहिला खर्च नव्या एचपीवर नको, हरवलेले एचपी शोधण्यावर करा. नेहमीइतकी माणसं आणि पेट्रोल घेऊन मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या आणि टॅकोमीटर बघा. या इंजिनाला बहुतेक मॉडेलांत 4,400 ते 4,800 फेरे अपेक्षित असतात. काटा चार हजारांवरच थांबला, तर कागदावर कितीही एचपी असोत, तुम्हाला ते मिळत नाहीयेत. जुने टॅकोमीटर खोटंही दाखवतात, तेव्हा हातात धरायच्या मीटरने एकदा ताडून घ्या.

कॉम्प्रेशन गेज तीस-चाळीस डॉलरला येतो. इंजिन गरम करून इग्निशन बंद ठेवा, सगळे प्लग काढा, थ्रॉटल उघडा आणि आठही सिलिंडर मोजा. त्यांच्यात दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. दोन शेजारचे सिलिंडर एकदम खाली असतील तर मधलं हेड गास्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. सगळेच उतरलेले असतील तर रिंगा गेल्या. मग वरवरच्या कुठल्याही भागावर पैसे घालू नका.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर प्रॉपेलरकडे वळा. पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर जितका पुढे सरकतो ते अंतर, एक इंच कमी केला की साधारण 150 ते 200 फेरे वाढतात. 21 पिचच्या जागी 19चा अ‍ॅल्युमिनियम पंखा दीड-दोनशे डॉलरला मिळतो, आणि चार हजारांवर अडलेलं इंजिन 4,300-4,400पर्यंत येतं. बोट झटकन उचलते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात इतक्या कमी पैशात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. स्टेनलेसचा पंखा चारशे ते सातशेला जातो; पिच नक्की ठरल्याशिवाय तो घेऊ नका.

वजनही तपासा. जुन्या बोटींच्या फ्लोअरखालचा फोम पाणी पितो आणि शेकडो पौंड वजन गुपचूप वाढतं. फ्लोअरमध्ये अगदी खालच्या बाजूला एक लहान भोक पाडा. ओला, गाळासारखा फोम हाताला लागला तर इंजिनाचा बेत तिथेच थांबवा, कारण फ्लोअर उचलून फोम बदलायचं काम हजारांत जातं. भोक नंतर इपॉक्सीने बुजवायला विसरू नका.

एवढं सगळं ठीक असेल तरच हेड. 1996पासून ट्रकच्या 350 इंजिनांवर आलेली व्होर्टेक हेड जुन्या इंजिनावर बसतात आणि वीस-तीस एचपीची भर घालतात. जोडी सातशे ते हजार डॉलर. इनटेक मॅनिफोल्डचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून नवं मॅनिफोल्ड अडीचशे ते साडेतीनशे. सेल्फ-अलाइनिंग रॉकर, व्हॉल्व्ह कव्हर, गास्केट, बोल्ट मिळून साडेतीनशे ते पाचशे. म्हणजे घरी काम केलं तर तेराशे ते साडेअठराशे. वर्कशॉपची मजुरी तासाला 120 ते 175 धरा. दहा-बारा तास सहज लागतात. भंगारातली हेड घेत असाल तर प्रेशर टेस्ट केल्याशिवाय बसवू नका. व्हॉल्व्हसीटजवळ तडे जाणं हे या हेडचं ठरलेलं दुखणं आहे.

हेड उघडलीच आहेत तर ट्रकसाठीचा जास्त ताकदीचा कॅमशाफ्टही टाकू, असा मोह होतो. तो आवरा. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंड करणारं पाणी मिसळलेलं असतं. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहिले, तर आयडलिंगला तेच पाणी उलटं सिलिंडरमध्ये ओढलं जातं. टायमिंगही पुस्तकापलीकडे पुढे ओढू नका. बोटीचं इंजिन म्हणजे दिवसभर कसारा घाट चढणारी गाडी.

ऑटोपार्ट्सच्या दुकानातला स्टार्टर, अल्टरनेटर किंवा डिस्ट्रिब्युटर हुबेहूब तसाच दिसतो आणि अर्ध्या किमतीत मिळतो. तो कधीही घेऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि इंजिनाखालच्या बिल्जमध्ये साचते. बोटीसाठीच्या भागांत ठिणगी आतच कोंडलेली राहते, गाडीच्या भागांत तशी खात्री नसते. कार्बोरेटरवरची वाकडी नळीही बघून ठेवा. तिचं तोंड आत, हवेच्या वाटेकडे असतं, म्हणजे पेट्रोल उसळलं तर ते इंजिनात जातं, बाहेर सांडत नाही. शंभर डॉलर वाचवायला गेलं आणि बोट पेटली, असं होतं, आणि तेव्हा बोटीवर मुलं असतात.

रिंगा गेल्याच असतील तर इंजिन बांधून घेण्यापेक्षा मरीन लाँगब्लॉक घ्या: चार ते साडेपाच हजार. खाऱ्या पाण्यातल्या बोटीला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर त्याच वेळी बदला, आणखी नऊशे ते दीड हजार. 383 घनइंचीचं मोठं इंजिन साडेसहा हजारांपासून पुढे मिळतं, पण या बोटींतला मर्क्रुझरचा अल्फा ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पंख्याकडे नेणारा मागचा भाग, सुमारे 300 एचपीपर्यंतचाच आहे. त्यापलीकडे ब्राव्हो ड्राइव्ह आणि त्याची ट्रान्सम असेंब्ली लागते, तिथे बजेट संपलं.

4.3 व्ही-6 काढून 5.7 बसवणाऱ्यांनी ड्राइव्हचं गिअर रेशो बघावं. व्ही-6चा ड्राइव्ह बहुधा 1.84चा, व्ही-8चा 1.50च्या आसपास. इंजिन 4,600 फिरलं तर पहिल्यात पंखा 2,500 फेरे घेतो, दुसऱ्यात 3,067. ड्राइव्ह न बदलता व्ही-8 टाकलं तर हवा तेवढ्या पिचचा पंखा मिळणं कठीण होतं. चार सिलिंडरची 3.0 लिटर बोट असेल तर ती विकून व्ही-8वाली घ्या, स्वस्तात सुटाल.

2010नंतरच्या स्टर्नड्राइव्हला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्या इंजिनाला हात लावू नका.

काम देण्याआधी विमा कंपनीला नवे एचपी ईमेलने कळवा आणि लेखी उत्तर ठेवा. स्टर्नड्राइव्ह बोटीच्या प्लेटवर माणसं आणि वजन असतं, कमाल एचपी नसते, त्यामुळे मर्यादा विमा कंपनीच सांगेल. आउटबोर्ड बोटीच्या प्लेटवर मात्र ती छापलेली असते. ती ओलांडू नका. वर्कशॉपकडून कोटेशन भाग, मजुरी आणि पाण्यातली चाचणी असं तीन ओळींत वेगवेगळं घ्या, आणि चाचणीच्या ओळीत पूर्ण थ्रॉटलचे फेरे लिहून मागा.