तंजावूरच्या राजवीथी आणि पादचारी

कुरवंजी या नाट्यप्रकाराच्या अभ्यासात कथानक, भाषा व संगीत यांचा विचार होतो. ज्या वीथीवर कथानक घडते तिचा मात्र क्वचितच होतो. नायकाची स्वारी रस्त्याने निघते, तिच्या दर्शनाने नायिका मोहित होते आणि देशोदेशी पायी हिंडणारी कुरवंजी येऊन तिचे भाकीत सांगते. तमिळ ‘उला’ काव्याचा विषयही नगरवीथीतून निघालेली नायकाची मिरवणूकच होय. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त तर ही भटकी स्त्री इंद्राणीला पृथ्वीचा भूगोल सांगते. ज्ञान येथे चालणाऱ्याच्या मुखातून येते.

या वाङ्मयाची भूमी तंजावुरात अद्याप शाबूत आहे. नायकांनी उभारलेल्या व भोसल्यांनी वाढविलेल्या राजवाड्याला पूर्व राजवीथी लागून आहे. तिच्यासह चारही दिशांच्या राजवीथी मिळून मिरवणुकीचा मार्ग होतो. सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर २०१५ साली बृहदीश्वराचा रथ याच मार्गाने पुन्हा ओढला गेला.

रथ माणसांच्या पावलांच्या गतीने चालतो. एरवी मात्र वीथीवर मोटारींची सत्ता असते. सरस्वती महाल ग्रंथालयाकडे पायी निघालेल्या वाचकाला उभ्या वाहनांमधून वाट काढावी लागते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी. निदान राजवाड्यालगत तरी हा दंडक पाळला जावा; पदपथ सलग व सावलीचा असावा, वाहनतळ वीथीबाहेर न्यावा आणि दिवसातील काही तास मोटारींना मज्जाव असावा.

व्यापाऱ्यांची मालवाहतूक व रहिवाशांची ये-जा यांचा प्रश्न खरा आहे. मालासाठी पहाटेची वेळ राखून आणि वृद्ध, अपंग व रुग्ण यांच्या वाहनांना मुभा देऊन तो सोडविता येईल. शिवाय पायी येणारा मनुष्य दुकानापुढे थांबतो. मोटार पुढे निघून जाते.

जुन्या वास्तूंचे जतन म्हणजे केवळ भिंतींची डागडुजी नव्हे. पोथ्या ग्रंथालयात सुरक्षित राहतील; परंतु त्यांत वर्णिलेली चाल ज्या वीथीवर प्रत्यक्ष अनुभवता येते ती पादचाऱ्याला पारखी झाली, तर त्या वाङ्मयाचा एक जिवंत संदर्भ कायमचा हरपेल.