पश्चिमेच्या भिंतीला हात लाव

सोलापूर,
वैशाख

चि. सोनूस,


जुळे सोलापुरातला फ्लॅट तुला आवडलाय, पण 'ग्रीन होम' म्हणून बिल्डर दोन लाख जादा मागतोय. द्यावेत का, असं विचारलंस. द्यावेत. मात्र कशाचे देतेस, ते आधी डोळ्यांनी बघ.

तुझ्या पणजीचं घर माळवदाचं होतं. हातभर जाड भिंती, वर पांढरी माती. पारा ४३ वर गेला तरी माजघरात दुपारी डोळा लागायचा. मी मात्र स्वस्त पडतो म्हणून वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेचं ऊन खाणारा फ्लॅट घेतला. आजही मे महिन्यात रात्री दहाला त्या भिंतीला हात लावला, तर चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी धग लागते. तेव्हा वाचवलेले पैसे विजेच्या बिलात केव्हाच गेले. म्हणून तू संध्याकाळी जा आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लाव. खिडकीवर खोल छज्जा आहे का, वारा आरपार खेळतो का, गच्चीला ऊन परतवणारा पांढरा थर आहे का, बघ.

मग पाणी. उजनी धरणाचं पाणी शंभरावर किलोमीटरवरून येतं, तरी नळाची चार-चार दिवस वाट बघत आपण उन्हाळे काढले. आपल्याकडे पाऊस वर्षाला जेमतेम ५५० मिलिमीटर. पण १०० चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचेच ५५,००० लिटर होतात. आमच्या इमारतीत पुनर्भरणाचा खड्डा आहे, गच्चीचा पाइप मात्र गटारात उतरतो. तू पाइपचं खालचं टोक शोधून काढ.

आता 'ग्रीन' हा शिक्का. तो देणाऱ्या आयजीबीसी या संस्थेचं पूर्व-प्रमाणपत्र नकाशावरही मिळतं. अंतिम मानांकन इमारत उभी राहिल्यावरच. करारात अंतिमचीच अट घाल. शिवाय राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत अशा इमारतींना दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्र मिळतं, म्हणजे बिल्डरचाही फायदा होतो, तेव्हा भाव करताना संकोचू नकोस. लिफ्ट-पंपासाठी सोसायटीने सोलर बसवलं, तर केंद्राच्या सूर्यघर योजनेत किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, तेही विचार.

एवढं जागेवर दिसलं, तर दोन लाखांसाठी मागे हटू नकोस. कमी पडले तर मी आहे. त्या घरात तुला पुढचे तीस उन्हाळे काढायचे आहेत, पोरी. भिंतीला हात लावून आलीस की फोन कर.

तुझा,
मामा