आधी मैदानाचा सातबारा बघा

फुटबॉल क्लब बुडायला लागला की "क्लब बुडतोय" ही बातमी सगळ्यात शेवटी येते. आधी पगार लांबतात. खाण्याच्या टपरीवर मध्यंतरालाच माल संपलेला असतो, कारण पुरवठादारानं उधारी बंद केलेली असते. ताळेबंद वेळेत दाखल होत नाही. मग मालकाचं निवेदन येतं: सगळं आटोक्यात आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. असं निवेदन आलं की खुशाल घाबरायला सुरुवात करावी.

मी पेशानं हिशेबनीस, मूळचा पुण्याचा, आणि बरीच वर्षं मँचेस्टरच्या उत्तरेला बेरी नावाच्या गावात राहतो. ट्रामचा शेवटचा थांबा, जुना बाजार, त्या बाजारातलं काळं पुडिंग आणि १८८५ साली स्थापन झालेला फुटबॉल क्लब एवढीच या गावाची मिरवायची पुंजी. या क्लबानं १९०३ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात डर्बी काउंटीला ६-० असं धुतलं होतं. एवढ्या फरकानं अंतिम सामना जिंकणं पुढं शंभरावर वर्षं कुणाला जमलं नाही. २०१९ च्या मे महिन्यात शेजारच्याच मँचेस्टर सिटीनं त्याची बरोबरी केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बेरीचा क्लब इंग्लिश फुटबॉल लीगमधून हाकलला गेला. योगायोग म्हणायचा, दुसरं काय.

ज्यांचा क्लब आज अडचणीत आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंग्लंडात राहणारे मराठी लोक आता पुष्कळ क्लबांचे वार्षिक पास काढतात, मुलांना घेऊन जातात. इकडचा क्लब म्हणजे एक खाजगी कंपनी असते आणि कंपनी बुडू शकते, हे त्यांच्या गावी नसतं.

बेरीत काय झालं ते थोडक्यात सांगतो. आधीच्या मालकाच्या काळात गिग लेन हे मैदान कर्जापायी गहाण पडलं. मैदानालगतच्या गाड्या लावायच्या जागासुद्धा गुंतवणूकदारांना विकल्या गेल्या. प्रेक्षक चारएक हजार, आणि पगार मात्र त्याहून कितीतरी मोठ्या क्लबाला शोभतील असे. डिसेंबर २०१८ मध्ये स्टीव्ह डेल यांनी हा क्लब एक पौंडाला घेतला. होय, एक पौंड. बाजारात तेवढ्यात धड चहा मिळत नाही. क्लब घेताना पुरेशा पैशांचा पुरावा लीगच्या हातात नव्हता. तो लीग पुढं महिनोन् महिने मागत राहिली. इकडे खेळाडूंचे पगार थकलेले असताना संघानं त्या हंगामात वरच्या श्रेणीत बढती मिळवली. गावानं जल्लोष केला आणि हिशेबाचं बघू नंतर म्हणून सोडून दिलं.

जुलैत धनकोंशी तडजोड झाली. फुटबॉलमधला एक रिवाज इथं समजून घ्यायला हवा. खेळाडूंची आणि दुसऱ्या क्लबांची देणी पूर्ण चुकवावी लागतात, नाहीतर लीग उभं करत नाही. उरलेल्यांना, म्हणजे गावातल्या छापखानेवाल्याला, बसवाल्याला, प्रथमोपचाराला येणाऱ्या संस्थेला, पौंडामागं काही पेनी. बेरीत ठरले २५ पेनी. म्हणजे लाखोंनी कमावणाऱ्याला पूर्ण पगार आणि छापखानेवाल्याला चार आणे. हंगामाचा पास काढलेला प्रेक्षकही कायद्याच्या नजरेत त्या छापखानेवाल्याच्याच रांगेत उभा असतो, हे ध्यानात ठेवा.

ऑगस्टमध्ये सामन्यामागून सामने स्थगित झाले. क्लबाच्या एका माजी संचालक बाईंनी स्वतःला मैदानाबाहेरच्या पाइपाला साखळीनं बांधून घेतलं. मग एक कंपनी क्लब घेणार असं कळलं आणि गावात जीव आला. २७ तारखेला सकाळी क्लबानं हाक दिली, की शनिवारी सामना होईलसं दिसतंय, मैदान झाडायला या. शेकडो माणसं आली. कुणी घरची झाडू आणली, कुणी बादली. माझ्या वाट्याला खुर्च्या पुसायचं काम आलं. कबुतरांची घाण वाळून दगड झालेली, ओल्या फडक्याला दाद देईना. शेवटी शेजारच्या रांगेतल्या एका बाईंनी भिंतीचा रंग खरवडायची पट्टी दिली, तिनं काम झालं. लोक शनिवारच्या संघात कोण असेल यावर वाद घालत होते. क्लबाकडं त्या वेळी मैदानात उतरवायला पुरते खेळाडूही नव्हते, पण ते बोलायची कुणाची तयारी नव्हती. दुपारी कळलं की घेणारी कंपनी कागदपत्रं बघून मागं सरली. रात्री उशिरा लीगनं सदस्यत्व काढून घेतलं.

ती कंपनी मूर्ख नव्हती. मिळाले तेवढे कागद तिनं वाचले आणि पळ काढला. ते कागद तुम्हीआम्हीही वाचू शकतो, निदान बरेचसे. इंग्लंडात प्रत्येक कंपनीची नोंद कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर असते आणि ती फुकट बघता येते. क्लबाचं नुसतं नाव टाकून थांबू नका. त्याची मालक कंपनी कोण, तिची मालक कोण, असं वर वर चढत जा. ताळेबंद मुदतीत आला का, संचालक भराभर राजीनामे देताहेत का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "चार्जेस" या सदरात काय आहे ते बघा. तिथं कोणाकडून कर्ज घेतलं आणि बदल्यात काय गहाण टाकलं ते दिसतं. नाव ओळखीच्या बँकेचं असेल तर ठीक. कधी न ऐकलेल्या, झटपट कर्ज देणाऱ्या कंपनीचं असेल, तर बँकांनी आधीच नकार दिलाय असं समजायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट मैदानाची. आपल्याकडं गावाकडची जमीन घेताना माणूस आधी सातबारा मागतो. इकडे लोक वीस वर्षं त्याच खुर्चीवर बसतात आणि ती खुर्ची कोणाच्या जमिनीवर आहे हे कधी विचारत नाहीत. लँड रजिस्ट्रीतून मालकीचा उतारा थोड्या पौंडांत मिळतो. क्लब आणि मैदान एकाच कंपनीच्या नावावर आहेत की मैदान वेगळं काढून मालकाच्या दुसऱ्या कंपनीत टाकलंय, हे बघा. डर्बीच्या मालकानं प्राइड पार्क हे मैदान क्लबाकडून स्वतःच्याच कंपनीला सुमारे ८ कोटी पौंडांना विकलं. कागदावर तोटा झाकला गेला. पुढं २०२१ मध्ये देणी भागेनाशी होऊन क्लबावर प्रशासक आला तेव्हा नव्या गिऱ्हाइकाला क्लबासाठी एकाशी आणि मैदानासाठी दुसऱ्याशी बोलणी करायची वेळ आली. त्या हंगामात डर्बीचे २१ गुण कापले गेले आणि संघ खाली गेला.

तुमचं मैदान "समाजाच्या मोलाची मालमत्ता" म्हणून नगरपालिकेत नोंदवून घ्या. २०११ च्या कायद्यानं इंग्लंडात ही सोय आहे. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनी ओल्ड ट्रॅफर्डसुद्धा असं नोंदवलं होतं. त्यानं विक्री थांबत नाही, पण मालकानं विकायला काढलं तर स्थानिक संस्थेला बोली लावायला सहा महिन्यांची मुदत मागता येते. सहा महिने म्हणजे फार नव्हेत, पण रातोरात कुलूप लागण्यापेक्षा बरे. आणि अर्ज क्लब सुखात असताना करायचा. आग लागल्यावर विहीर खणायची सवय आपल्यालाही आहेच.

पैशांचं सांगतो. पासाचे पैसे रोख किंवा डेबिट कार्डानं देण्यापेक्षा क्रेडिट कार्डानं द्या. १०० पौंडांवरच्या खरेदीत कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते, असा १९७४ चा कायदा आहे. क्लब "आत्ताच पास काढा, सवलत" म्हणून नेहमीपेक्षा फार आधी घाई करू लागला, तर त्याला रोकड हवी आहे हे ओळखा. "क्लब वाचवा" म्हणून बादली फिरू लागली की दोनच प्रश्न विचारायचे. पैसे कोणाच्या खात्यात जाणार? आणि खरेदी फिसकटली तर परत मिळणार का? चाहत्यांच्या नोंदणीकृत संस्थेच्या वेगळ्या खात्यात ठेवणार असतील तर जरूर द्या. बुडत्या क्लबाच्याच खात्यात जाणार असतील, तर ते तुम्ही बहुधा मालकाच्या सावकाराला देताय.

पण पगार थकलेल्या माळ्याला, तिकीटखिडकीवरच्या बाईला किराणा नेऊन द्यायला कुठल्याही संस्थेची गरज नसते. खेळाडूंना शिव्या घालणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय, की खालच्या श्रेणीतल्या खेळाडूचा करार वर्षा-दोन वर्षांचा आणि घराचा हप्ता तुमच्यासारखाच असतो.

बहिष्काराचा प्रश्न नेहमी निघतो. मालकाचा निषेध म्हणून तिकीट घ्यायचं नाही, दुकानातून काही घ्यायचं नाही, हे हत्यार आहे आणि लागू पडतं. शेफील्ड वेन्सडेच्या चाहत्यांनी ते वापरलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लब प्रशासकाकडे गेला, १२ गुण कापले गेले, आणि त्याच दिवसापासून तेच चाहते क्लबाच्या दुकानात रांगा लावून खरेदी करू लागले. हे मला पटलं. पैसा अडवायचा कधी आणि सोडायचा कधी, हे त्यांनी आधी आपसात ठरवलेलं असावं.

आता गिऱ्हाइकाबद्दल. नवा मालक येणार म्हटलं की चाहते त्याची विमानं मोजतात. लोक मला पुण्याचा म्हणून हमखास ब्लॅकबर्नचं विचारतात, कारण तो क्लब इथून फार लांब नाही आणि २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज या कुक्कुटपालन समूहानं तो २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. पबमध्ये माझ्यावर कोंबडीचे विनोद होतात ते वेगळेच. तो क्लब २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून घसरला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीपर्यंत गेला आणि पुढच्या वर्षी परत वर आला. मालकांनी पैसा ओतणं थांबवलं नाही, हे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही. पण भारतात मालकांची चौकशी सुरू झाल्यावर इकडे पैसे पाठवायला दिल्लीच्या उच्च न्यायालयाची परवानगी घ्यायची वेळ आली, तेव्हा चाहत्यांना खरी गोष्ट दिसली. क्लब स्वतःच्या कमाईवर चालत नव्हता, कुणाच्या तरी खिशावर चालत होता. मालक चांगला की वाईट हा पुढचा प्रश्न. त्यानं उद्या हात आखडता घेतला तर क्लब किती महिने तग धरेल, हा आधीचा. पुण्यातल्यांना हे वेगळं सांगायला नको. एफसी पुणे सिटीची भारतीय लीगमधली जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली आणि हैदराबादची पुढं दिल्लीला. बालेवाडीत घसा कोरडा करणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

चाहत्यांनीच क्लब घ्यावा का? घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. पोर्ट्समथनं २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि दोन वर्षांत प्रीमियर लीगमध्ये असताना प्रशासकाच्या ताब्यात जाणारा तो पहिला क्लब ठरला. २०१३ मध्ये चाहत्यांनी हजार-हजार पौंडांचे भाग घेऊन तो सोडवला आणि २०१७ मध्ये मतदान करून अमेरिकेतल्या मायकेल आइझनर यांना विकला. यात कमीपणा काही नाही. बुडालेला क्लब सावरून, हिशेब स्वच्छ करून दिला.

आमच्याकडं मात्र भाऊबंदकी झाली. चाहत्यांच्या अशा संस्था आपल्या सहकारी संस्थांसारख्याच, एक सभासद एक मत. बेरीत एका गटानं नवा क्लब काढून तो शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पायरीपासून खेळवायला घेतला. दुसऱ्या गटानं २०२२ मध्ये सरकारी मदत मिळवून गिग लेन विकत घेतलं. म्हणजे एकाकडं संघ, दुसऱ्याकडं मैदान. एकत्रीकरणाला दोनतृतीयांश मतं हवी होती. पहिल्या मतदानात ती थोडक्यात हुकली आणि गावात भाऊ भावाशी बोलेनासा झाला. २०२३ मध्ये दुसऱ्यांदा मतदान घेतल्यावर जमलं आणि गिग लेनवर पुन्हा सामने सुरू झाले. साखर कारखान्यांच्या सभा बघितलेल्या माणसाला यात नवल वाटलं नाही. म्हणून क्लब धडधाकट असतानाच एकच संस्था करा, तिचे नियम लिहा, आणि कोषाध्यक्षाला हिशेब येतो याची खात्री करून घ्या. भाषण येणारे आपोआप मिळतात.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेनं फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला. मालकाचा पैसा कुठून येतो ते तपासणं, मैदान विकायला नियामकाची मंजुरी लागणं, अशा तरतुदी त्यात आहेत. बेरीच्या वेळी असा कायदा नव्हता. हा कायदा वरच्या पाच पायऱ्यांवरच्या क्लबांना लागू आहे. आमचा क्लब त्याच्या खाली खेळतो, त्यामुळं तूर्त आमच्या मैदानाचे आणि कर्जाचे कागद आम्हालाच बघावे लागतात.